स्पंजाच्या अंगावर काही का उगवत नाही?

आमच्या प्रयोगशाळेत सकाळचे पहिले काम म्हणजे आदल्या संध्याकाळी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या प्लेटा बाहेर काढून उजेडात धरणे. फिकट पिवळसर अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, रुग्णाच्या नमुन्यातला जिवाणू सारवणासारखा सलग पसरलेला असतो आणि त्यावर सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या मांडलेल्या असतात. प्रत्येक चकतीत एकेक प्रतिजैविक. औषध लागू पडणार असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. त्याचा व्यास पट्टीने मोजायचा, तक्त्याशी ताडून पाहायचा आणि अहवालात एस (औषध लागू पडेल), आय (मधली, बेभरवशाची स्थिती) किंवा आर (लागू पडणार नाही) लिहायचे. गेल्या महिन्यात अतिदक्षता विभागातून आलेल्या एका नमुन्याच्या प्लेटवर एकही वर्तुळ नव्हते. क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूची ओलसर, चिकट वाढ थेट चकत्यांच्या कडेला भिडली होती. मेरोपेनेम या राखीव औषधाच्या चकतीलाही तिने सोडले नव्हते. असे दृश्य आता वरचेवर दिसते, पण त्याची सवय झाली असे मात्र म्हणवत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला होता, त्या आकड्यामागे अशाच प्लेटा आहेत.

याच्या नेमके उलट दृश्य मी लहानपणी पाहिले होते, तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. रत्नागिरीच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या गावी अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आत्या खडपात कालवे काढायला जाई आणि मी तिच्या मागे मागे. तिथे खडकाची वीतभर जागाही मोकळी नसे. कालवांवर बार्नेकल, बार्नेकलांवर शेवाळ, शेवाळात बारीक शंख, अशी एकावर एक वस्ती. मात्र कपारीच्या सावलीत, खडकाच्या पोटाशी चिकटलेला तळहाताएवढा नारिंगी स्पंज, एका जागी राहणारा समुद्री प्राणी, असे आणि त्याच्या अंगावर काहीही उगवलेले नसे. त्याच्या कडेपर्यंत शेवाळ येई आणि तिथेच थांबे. मध्ये बोटभर जागा कुणी झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ दिसे. “त्याला हात नको लावूस, खाज सुटते,” असे आत्या दर वेळी बजावी आणि मी दर वेळी हात लावी. ती खाज काही अंशी स्पंजाच्या अंगातल्या सिलिकाच्या सूक्ष्म सुयांची असते आणि काही अंशी त्याच्या रसायनांची, हे पुढे पदवीच्या वर्षात वाचले. शेवाळ जिथे थांबत असे ती रेषा आणि आमच्या प्लेटवर चकतीभोवती उमटणारे वर्तुळ या दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत, हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे जावी लागली.

स्पंजाची अडचण समजून घेतली म्हणजे त्याच्या रसायनांचा उलगडा होतो. त्याला पळता येत नाही, त्याला कवच नाही, नांगी नाही आणि आपल्या शरीरात तयार होतात तशी प्रतिपिंडेही त्याच्याकडे नाहीत. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू आणि त्यांच्या दहापट विषाणू असतात, आणि हा प्राणी स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी दिवसभरात अंगातून गाळून काढतो. त्या पाण्यातले जिवाणू हेच त्याचे अन्न. शिवाय काही जातींच्या स्पंजांत शरीराच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग हा आश्रयाला असलेल्या सूक्ष्मजीवांचाच असतो. म्हणजे काही जिवाणू खायचे, काही पोसायचे आणि उरलेल्यांना अंगावर बसू द्यायचे नाही, हा सारा व्यवहार त्याला केवळ रसायनांच्या बळावर सांभाळावा लागतो.

या रसायनांकडे औषधाच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात झाली ती बऱ्याच अंशी योगायोगाने. येल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमान यांना रस होता तो समुद्री प्राण्यांतल्या स्निग्ध पदार्थांत. १९४५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मिळालेला एक स्पंज त्यांनी अॅसिटोनमध्ये उकळला, तेव्हा अपेक्षा नसताना भरपूर स्फटिक वेगळे झाले. बर्गमान आणि रॉबर्ट फीनी यांनी पुढच्या काही वर्षांत त्यांची रचना उलगडली. ती डीएनएच्या घटकांसारखीच निघाली. फरक एवढाच, की नेहमीच्या शर्करेच्या जागी त्यांत अरॅबिनोज होती. हा फरक दिसायला क्षुल्लक आहे, पण परिणामाने मोठा. विषाणू आपल्या डीएनएची नक्कल काढताना असा घटक खरा समजून साखळीत गुंफतो आणि साखळी तिथेच अडते. या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या रेणूंपैकी सायटॅराबिनला १९६९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते आजही रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. दुसरा रेणू विडॅराबिन. तो १९६० साली कर्करोगासाठीच बनवला गेला होता, पण काही वर्षांनी त्याचा विषाणूंवरचा प्रभाव लक्षात आला आणि १९७६ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. नागीण, मेंदूचा दाह अशा आजारांना कारणीभूत होणाऱ्या हर्पिस गटातल्या विषाणूंविरुद्ध शिरेतून देता येण्याजोगे औषध त्यापूर्वी जवळपास नव्हतेच. पुढे असायक्लोव्हिर आले आणि विडॅराबिन मागे पडले. या संपूर्ण कहाणीत औषधासाठी स्पंज कापावे लागले नाहीत, हे मला विशेष वाटते. स्पंजाने फक्त युक्ती दाखवली, माल माणसाने आणि विडॅराबिनच्या बाबतीत पुढे स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूने पुरवला.

या ठिकाणी माझ्या त्या प्लेटवरच्या चकत्यांबद्दल थोडे सांगायला हवे. सेफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम, सेफेपिम या तीन चकत्या एकाच घराण्यातल्या आहेत आणि त्या घराण्याचा मूळपुरुष समुद्रातून आलेला आहे. प्राण्यातून नव्हे, बुरशीतून. सार्डिनिया बेटावरच्या कालयारी शहरात गावाचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथले पाणी ज्युझेप्पे ब्रोत्झू या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १९४५ साली तपासायला घेतले. एवढ्या घाण पाण्यात कुणीतरी जिवाणूंना आवरून धरत असावे, असा त्यांचा कयास होता. त्यांना तिथे सेफॅलोस्पोरियम ही बुरशी मिळाली आणि तिच्या अर्कापुढे टायफॉइडचा जिवाणू वाढेना. ब्रोत्झूंनी १९४८ साली आपले निष्कर्ष स्थानिक स्वरूपाच्या एका छोट्या प्रकाशनात छापले, बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पाठवला, आणि तिथे एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी त्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे काढले. १९६४ साली या गटातले पहिले औषध बाजारात आले. आज आपल्याकडे गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही याच घराण्यातल्या सेफिक्झिमची पाकिटे असतात आणि चिठ्ठी नसतानाही ती मिळतात. त्या सैलपणाची किंमत म्हणून क्लेब्सिएलाने आता असे विकर कमावले आहेत, की ते या साऱ्या घराण्याचा कणाच मोडतात. समुद्राने दिलेल्या औषधाचे आपण काय केले, हे त्या तीन चकत्यांभोवतीच्या वाढीवरून दिसते. नव्या औषधासाठी पुन्हा समुद्राकडे जाण्यापूर्वी एवढे आठवलेले बरे.

आता प्राण्यांकडे येऊ. पहिला प्रश्न असा, की प्राण्यात सापडलेले रसायन प्राण्याचेच असते का? बऱ्याचदा नसते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी बेटांची जी माळ आहे, तिथे खारफुटीच्या मुळांना एक्टिनॅसिडिया टर्बिनेटा नावाचे, दाबले असता पाण्याची पिचकारी सोडणारे, पारदर्शक पिशवीसारखे प्राणी झुबक्यांनी चिकटलेले असतात. कर्करोगावरचे ट्रॅबेक्टेडिन हे औषध याच प्राण्यातून आले, आणि ते प्रत्यक्षात त्याच्या अंगातला एक जिवाणू बनवतो असे नंतर निष्पन्न झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टिम बग्नी यांच्या गटाने याच प्राण्यात राहणाऱ्या मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्या जिवाणूपासून टर्बिनमायसिन हा रेणू मिळवला आणि २०२० साली ‘सायन्स’मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. तो बुरशीनाशक आहे आणि कॅन्डिडा ऑरिस या बुरशीच्या औषधांना दाद न देणाऱ्या वाणांवरही प्रयोगशाळेत आणि उंदरांत प्रभावी ठरला. बुरशीच्या पेशीत निरनिराळे पदार्थ ठरल्या जागी पोहोचवण्याची जी व्यवस्था असते, तिच्यातल्या सेक-१४ नावाच्या प्रथिनाला तो अडवतो. सध्याची बुरशीविरोधी औषधे या जागेला हात लावत नाहीत, म्हणून त्याचे महत्त्व.

कॅन्डिडा ऑरिसला २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळाल्यामुळे हे नाव पडले; लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. आमच्यासारख्या प्रयोगशाळांना आता ती चांगलीच परिचयाची आहे. पण रुग्णालयाबाहेर, निसर्गात, ती कुठे राहते याचा थांगपत्ता बरीच वर्षे नव्हता. तो लागला आपल्याच देशात. दिल्लीच्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानच्या किनाऱ्यावरून नमुने गोळा केले, तेव्हा एका खाऱ्या दलदलीत आणि एका वाळूच्या पुळणीवर ही बुरशी सापडली; २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. किनाऱ्याच्या चिखलात जे जीव एकमेकांशी झगडत राहतात, त्यांतला एक आमच्या अतिदक्षता विभागात पोहोचला, आणि त्याला आवरणारा रेणू निघाला तोही दुसऱ्या एका समुद्राच्या काठच्या खारफुटीतून. मला हे वाचून नवल वाटण्यापेक्षा हायसे वाटले, कारण औषधाचा शोध घ्यायचा तर भांडण कुठे चालले आहे ते पाहावे, एवढी तरी दिशा त्यातून मिळते.

प्राणी स्वतः बनवतात ती शस्त्रे निराळ्या जातीची असतात. ती म्हणजे बहुधा छोटे पेप्टाइड, वीस-पंचवीस अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, ज्यांवर धन विद्युतभार असतो. जिवाणूंच्या आवरणाचा बाहेरचा भाग ऋणभारित असल्यामुळे हे पेप्टाइड तिकडे ओढले जातात, आवरणात घुसतात आणि त्याला भोके पाडतात. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास भाररहित असते आणि त्यांत कोलेस्टेरॉलही असते, त्यामुळे आपण पुष्कळसे सुटतो. पुष्कळसे, पूर्णपणे नाही. सारी गोम तिथेच आहे.

यातला मला सर्वांत भावलेला नमुना हॉर्सशू क्रॅबचा. हा नावापुरताच खेकडा, वंशाने विंचू-कोळ्यांच्या जवळचा. आपल्या देशात तो ओडिशाच्या बालासोरच्या किनाऱ्यावर आणि सुंदरबनात आढळतो, कोकणच्या किनाऱ्यावर नाही. त्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते आणि त्यात एकाच प्रकारच्या पेशी असतात, ज्यांच्या पोटात मोठे आणि लहान असे दोन तऱ्हेचे कण ठासून भरलेले असतात. जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा अंश जरी रक्तात आला तरी या पेशी फुटतात; मोठ्या कणांतल्या द्रव्याने जागच्या जागी रक्त गोठून जिवाणू जेलीत अडकतो आणि लहान कणांतून बाहेर पडणारे टॅकिप्लेसिन त्या अडकलेल्याला मारते. पहिल्या अर्ध्याचा उपयोग माणसाने केव्हाच करून घेतला. फ्रेडरिक बँग आणि जॅक लेविन यांच्या कामातून निघालेली, या रक्ताने इंजेक्शनमधले जिवाणूविष ओळखण्याची चाचणी १९७७ पासून अमेरिकेत अधिकृत आहे, आणि त्यामुळे दर वर्षी लाखो हॉर्सशू क्रॅब पकडून त्यांचे रक्त काढले जाते. सिंगापूरमध्ये विकसित झालेला, जनुक-तंत्राने बनवलेला पर्याय आता हळूहळू रुजतो आहे. दुसऱ्या अर्ध्याचे काय झाले? टॅकिप्लेसिन जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात १९८८ साली वेगळे काढण्यात आले. सतरा अमिनो आम्लांचा हा रेणू केसात खोचायच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो आणि गंधकाच्या दोन बंधांनी आवळलेला असतो. जिवाणूंवर आणि बुरशीवर तो अतिशय परिणामकारक आहे, आणि तरीही तो औषध झालेला नाही, कारण त्याचे प्रमाण वाढवले की तो माणसाच्या तांबड्या पेशीही फोडतो. खेकड्याला ही अडचण येत नाही. त्याचा पेप्टाइड गोठलेल्या रक्ताच्या एका गोळीत, जिथे गरज आहे तिथेच सुटतो. आपण मात्र तो शिरेतून साऱ्या अंगभर फिरवू पाहतो.

माझे म्हणणे काय ते इथेच सांगून टाकते. समुद्री प्राण्यांकडे केवळ रेणूंचे कोठार म्हणून पाहिल्याने फार काही हाती लागलेले नाही. प्राणी तो रेणू केव्हा, कुठे आणि कशाच्या जोडीने वापरतो हे पाहणाऱ्यांच्या हाती अधिक लागले आहे. याचे उदाहरण म्हणून उत्तर युरोपच्या पुळणीवर वाळूत बिळे करून राहणाऱ्या अरेनिकोला मरिना या गांडुळासारख्या प्राण्याकडे पाहावे. तो वाळू गिळतो, तिच्यातले सूक्ष्मजीव पचवतो आणि उरलेल्या वाळूच्या शेवयांसारख्या वेटोळ्या बिळाच्या तोंडाशी टाकतो. गळाला लावायला कोळी त्याला उकरून काढतात. त्याच्या शरीरातले अरेनिसिन हे २१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड खाऱ्या पाण्यातही काम करते. हे महत्त्वाचे अशासाठी, की असे कितीतरी पेप्टाइड मिठाचे प्रमाण वाढले की निकामी होतात, धनभाराची ओढच मिठाने झाकली जाते. समुद्रात ज्याला लढायचे आहे त्याला ही सवलत नाही. अरेनिसिनची रचना किंचित बदलून, पेशींना होणारी इजा कमी करून, आमच्या त्या क्लेब्सिएलासारख्या जिवाणूंवर उंदरांत यशस्वी ठरलेला रेणू तयार झाला आहे. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता मात्र लांब आहे.

तो किती लांब आणि किती वाकडा असतो, हे स्क्वॅलामिनवरून कळते. अमेरिकेतले डॉक्टर मायकेल झासलॉफ यांना आधी बेडकाच्या कातडीत पेप्टाइड सापडले होते: शस्त्रक्रियेनंतर घाणेरड्या पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या साध्या प्रश्नातून. मग त्यांनी डॉगफिश जातीच्या लहान शार्ककडे मोर्चा वळवला, मालवणात जिचे मटण म्हणून कालवण होते त्या मोरीच्या गोतावळ्यातला हा मासा. त्याच्या पोटातून आणि यकृतातून १९९३ साली त्यांनी स्क्वॅलामिन मिळवले. ते पेप्टाइड नसून स्टेरॉइडचा एक प्रकार निघाले, जिवाणू आणि बुरशी दोघांना मारणारा. थोड्याच वर्षांत ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले, म्हणजे माशांचा प्रश्न मिटला. पण प्रतिजैविक म्हणून ते रुग्णालयात पोहोचलेच नाही. नव्या रक्तवाहिन्या फुटण्याला ते आळा घालते असे दिसल्यावर त्याची कर्करोगावर आणि मग डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर चाचणी झाली. डोळ्यांच्या थेंबांची मोठी चाचणी २०१८ साली अयशस्वी ठरली. डेंग्यूच्या विषाणूविरुद्ध त्याचा प्रभाव २०११ साली नोंदवला गेला, आणि आता त्याचे एक रूप पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या बद्धकोष्ठतेवर तपासले जात आहे. एका रेणूची तीस वर्षांची ही वणवण वाचताना मला कुणावरही ठपका ठेवावासा वाटत नाही, पण ‘शार्कच्या पोटात सापडले नवे प्रतिजैविक’ असे मथळे वाचताना मात्र हात आखडता घ्यावासा वाटतो. समुद्री प्राण्याकडून थेट मिळालेले जिवाणूनाशक औषध आज आमच्या रुग्णालयाच्या औषधालयात नाही, ही वस्तुस्थिती आहे.

पुरवठ्याचा प्रश्न तर प्राण्याच्या बाबतीत कायमचाच आहे. न्यूझीलंडजवळच्या एका स्पंजातले कर्करोगविरोधी द्रव्य मिळवायला एक टन स्पंज लागला आणि हाती आले फक्त ३०० मिलिग्रॅम. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा अर्धा भाग कृत्रिमरीत्या बनवून औषध केले, म्हणून निभावले. पैशाचे गणितही प्रतिकूल आहे. प्रतिजैविक आठवडाभर घ्यायचे असते, शिवाय नवे असेल तर ते राखून वापरावे असेच आम्ही सांगतो. मग गुंतवलेला पैसा निघावा कसा? आमच्या त्या क्लेब्सिएलाच्या भाऊबंदांसाठीच बनवलेल्या प्लॅझोमायसिनला जून २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये ते बनवणाऱ्या अचाओजेन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

त्या नमुन्याचे पुढे असे झाले, की उरले होते कॉलिस्टिन. हे १९५० च्या आसपासचे औषध, मूत्रपिंडाला जाचणारे, म्हणून मधली काही दशके अडगळीत पडलेले. त्याची तपासणी चकतीने भरवशाची होत नाही, कारण तो रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही; त्यासाठी छोट्या छोट्या खळग्यांत औषध निम्म्यानिम्म्याने पातळ करत जिवाणू कुठे वाढायचा थांबतो ते पाहावे लागते. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तो दोन मायक्रोग्रॅमच्या खाली थांबला होता. पूर्वी अशा वेळी अहवालात समाधानाने एस लिहिता येत असे. आम्ही पाळतो त्या अमेरिकी मानकांतून कॉलिस्टिनपुरते ते अक्षर २०२० पासून काढून टाकले आहे, कारण प्रयोगशाळेत थांबलेला जिवाणू रुग्णाच्या फुप्फुसात थांबेलच याची खात्री या औषधाबाबत देता येत नाही. म्हणून त्या खान्यात मी आय लिहिले, सही केली आणि अतिदक्षता विभागाला फोन लावला.